छकडीचा ड्रायव्हर आणि त्याचे भांडवल

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते आणि बैलांच्या शर्यतीच्या दोन वेगळ्या रीतीही याच पट्ट्यात एकमेकींना भेटतात. शिरूरच्या अंगाला, जुन्नर, आंबेगाव आणि खेडप्रमाणेच, चढणीच्या धावपट्टीवर, म्हणजे ‘घाटा’त, चार बैलांचा गाडा पळतो, पुढे घोडीस्वार असतो, निकाल सेकंदांवर लागतो आणि गाड्यावर हाकणारा कोणी बसत नाही. दौंडपासून बारामती-फलटणकडे मात्र सपाट माळावर दोन बैलांची छकडी, म्हणजे हलकी दुचाकी गाडी, इतर छकड्यांच्या बरोबरीने सुटते, गट, सेमी आणि फायनल अशा फेऱ्या होतात आणि छकडीवर कासरा धरून जो बसतो त्याला माळावर सरळ ‘ड्रायव्हर’ म्हणतात. या ड्रायव्हरची अडचण अशी की नामांकित बैल हाती आल्याशिवाय त्याचे नाव होत नाही आणि नाव झाल्याशिवाय कोणताही मालक नामांकित बैल त्याच्या हाती देत नाही.

ही अडचण जुनीच असली तरी बंदीच्या काळात ती अधिक घट्ट झाली. २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला, ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करूनही प्रत्यक्ष परवानगी १६ डिसेंबर २०२१ पर्यंत मिळाली नाही आणि घटनापीठाचा अंतिम निर्णय १८ मे २०२३ रोजी आला. एवढ्या अवधीत मालकांनी बैल विकले तरी नवे घेता आले. परंतु जी मनगटे त्या वर्षांत तयार व्हायची ती झाली नाहीत आणि जी तयार होती ती म्हातारी झाली. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा जुन्या ड्रायव्हरांना पहिल्याच हंगामात कळले की कासरा ओढण्याचे बळ परत येते, पण तो वेळेवर सोडण्याची चपळाई परत येत नाही.

सारे कौशल्य त्या सोडण्यातच असते. बहुतेक जोड्या पैऱ्याच्या असतात, म्हणजे एक बैल एका मालकाचा आणि दुसरा दुसऱ्याचा, आणि पुष्कळदा ते दोघे त्याच दिवशी प्रथम एका जुवाखाली येतात. एक तापट असतो, दुसरा दोन ढांगांनंतर पेटणारा. एक फक्त उजव्या खांदेला, म्हणजे जुवाच्या उजव्या बाजूला, मोकळा पळतो आणि दुसऱ्याची सवय अजून कोणाला ठाऊक नसते. झेंडापंचाने, म्हणजे निशाण दाखवणाऱ्या पंचाने, झेंडा पाडला की धरणारे बाजूला होतात आणि त्या क्षणी कासरा ताठ असेल तर तापट बैल मान वर करून वळतो, सैल असेल तर मंद बैल अर्ध्या अंगाने मागे राहतो, छकडी तिरपी होते आणि शेजारच्या चाकोरीत शिरून बाद ठरते. तापटाला किंचित अडवायचे आणि मंदाला त्याच श्वासात मोकळे करायचे, हे दोन विरुद्ध व्यवहार एकाच ड्रायव्हरच्या दोन मुठींनी करावयाचे असतात, आणि पुढची सारी धाव या पहिल्या ढांगांवर ठरते. दोन्ही बैल सारखे तापट असले तर काम सोपे होईल असे वाटते. प्रत्यक्षात ते अधिक अवघड होते, कारण मग अडवायचे कोणाला हेच ठरत नाही.

हे शिकायचे तर सराव हवा आणि सरावासाठी बैल हवा. पळाऊ खिलार जातीच्या बैलाची किंमत लाखांत जाते, त्याचा खुराक, देखभाल आणि मैदानापर्यंतची वाहतूक यांचा खर्च मालकाच्या अंगावर असतो, त्यामुळे नवख्याच्या हाती असा बैल सरावासाठी देण्यास तो कचरतो, आणि त्याचे हे कचरणे गैर म्हणता येत नाही. मोटारशर्यतीतही पैशाचा प्रश्न असाच कठीण आहे. फरक एवढाच की तेथे पैसा चालकाच्या नावाने उभा केला जातो. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हा त्याच्यामागे टाटांचे पाठबळ होते आणि मुंबईचा जेहान दारूवाला फोर्स इंडिया संघाने २०११ मध्ये घेतलेल्या निवडीतून पुढे आला. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी तयार होतात, परंतु याच पट्ट्यातल्या माळांवर शर्यतीसाठी जी वर्गणी आणि जे बक्षीस गोळा होते त्यात ज्याच्यावर पैसा लावावा असा माणूस म्हणून हाकणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. चिखलीच्या घाटात २०२२ मध्ये जेसीबी यंत्र बक्षीस म्हणून लावले गेले. बक्षिसे एवढी वाढली तरी ती मालकाच्या दावणीला जातात आणि माळावरच्या ड्रायव्हरला त्या दिवसाचे ठरलेले पैसे मिळतात.

नव्या नियमांनी शर्यतीचे अंतर १००० मीटरच्या आत आणले आणि काठी, चाबूक व विजेची साधने वर्ज्य केली, याचे खरे तर कसबी ड्रायव्हरांनी स्वागतच करावयास हवे होते. काठीच्या जोरावर मोठे झालेले अनेकजण आता उघडे पडले आहेत आणि त्यांची उणीव आरडाओरड्याने झाकली जाते. ओरडण्याने बैल पळतो, पण जोडी जुळत नाही. तरीही या टीकेत मत्सराचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रस्तुत लेखकासह जुन्या पिढीच्या प्रत्येक ड्रायव्हरला एक हाव होती, ती म्हणजे पुकारणाऱ्याने बैलाच्या नावाआधी आपले नाव घ्यावे. आणि शिकाऊ मुलाने तोच बैल आपल्यापेक्षा सरस पळवला तर मालकाचा आनंद ऐकवत नसे. ओढण्याची रीत सगळ्यांनी दाखवली, सोडण्याची मात्र पुष्कळांनी हातची राखली.

आता शर्यती भरवणाऱ्या यात्रा कमिट्यांनी एवढे तरी करावे: शर्यतीच्या पत्रकात बक्षिसाच्या रकमेबरोबर ड्रायव्हरचा हिस्सा छापावा, प्रत्येक हाकणाऱ्याचा अपघात विमा उतरवावा आणि ज्यांनी अजून फायनल पाहिलेली नाही अशा तरुणांसाठी आदत, म्हणजे अजून दात न पाडलेल्या, बैलांचा एक स्वतंत्र गट ठेवावा. तेथे मालकाचे फारसे पणाला लागत नाही आणि तरुणाला मात्र सुटण्याचा सराव मिळतो.