बियाण्याची स्मरणशक्ती

अणशीच्या घाटमाथ्यावर पाऊस एकदा बसला की महिनोन्महिने उठत नाही. त्या ओल्या, गार हवेत भात वाढते आणि त्याच हवेत भाताचा वैरीही वाढतो. करपा हे त्याचे नाव. प्रथम पानावर दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी असा डोळ्यासारखा ठिपका दिसतो. पुढे तोच रोग लोंबीच्या मानेला धरतो. मान काळी पडते, मोडते आणि दाणा पोचट राहतो. या मानमोडीची धास्ती आमच्या वाडवडिलांना जेवढी होती तेवढीच आम्हांलाही आहे. उत्तर कन्नडच्या या जोयडा तालुक्यात पिढ्यान्पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या मराठी घरांत अशा वर्षांच्या आठवणी अजून निघतात.

मात्र त्या आठवणींत एक गोष्ट नेहमी येते आणि तिच्याकडे आमचे लक्ष उशिराच जाते. एकाच बांधाच्या दोन बाजूंस तोच पाऊस, तीच माती. परंतु एका वाणाचे शेत करपते आणि शेजारचे हिरवे राहते. वडीलधारी माणसे याला बियाण्याचा ‘गुण’ म्हणत. हा गुण म्हणजे नेमके काय, हे शास्त्राने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळसे उलगडले आहे.

झाडाला आपल्यासारखे रक्त नाही आणि रक्तातून फिरणारे शिपाईही नाहीत. त्यामुळे प्रत्येक पेशीने आपले दार आपणच राखायचे. या राखणीसाठी पेशीजवळ काही प्रथिने असतात. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात, आपण त्यांना ‘ओळखणारी प्रथिने’ म्हणू. काही पेशीच्या बाह्यावरणावर उभी असतात आणि बुरशीच्या किंवा जिवाणूच्या अंगचा एखादा कण जाणवताच इशारा देतात. काही पेशीच्या आत दबा धरून असतात. करप्याची बुरशी पानावर रुजली की तिच्यात वातावरणाच्या ऐंशीपट दाब साठतो आणि त्या जोरावर ती पान भेदून आत शिरते. मग पेशीला गाफील ठेवण्यासाठी ती आपली प्रथिने आत सोडते. आतल्या राखणदाराने त्यांतले एक जरी ओळखले तरी ती पेशी स्वतः मरते आणि बुरशीला उपाशी पाडते. पानावर टाचणीच्या टोकाएवढा डाग राहतो, शेत वाचते.

ही ओळख किती नाजूक असते याचे एक उदाहरण आम्हांला फार बोलके वाटते. फिलिपीन्सच्या तादुकान या जुन्या भातवाणात ‘पाय-टा’ नावाचा जनुक आहे. त्यापासून होणारे प्रथिन 928 कड्यांची साखळी असते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की त्यांपैकी 918व्या जागची एक कडी बदलली की हे प्रथिन शत्रूला ओळखेनासे होते. नऊशे अठ्ठावीसांतील एका कडीवर शेताचे भवितव्य अवलंबून!

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. भाताला ‘कडा करपा’ नावाचा जिवाणूजन्य रोग होतो. पान कडेने पिवळे पडून वाळत जाते. 1977 साली कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत आफ्रिकेतील माली देशाच्या एका रानटी भाताची परीक्षा झाली, तेव्हा तपासलेल्या सर्व जिवाणू-प्रकारांना ते पुरून उरले. त्यातला जनुक पुढे ‘एक्सए-21’ म्हणून ओळखला गेला, आणि 1995 साली कॅलिफोर्नियात पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने तो वेगळा काढला. तो पेशीच्या पृष्ठभागावरील राखणदाराचा जनुक निघाला. हैदराबादच्या दोन संस्थांनी, म्हणजे पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने आणि भात संशोधन संचालनालयाने, तो आणखी दोन जनुकांसह संकराने सांबा मसुरी या लोकप्रिय वाणात आणला. 2008 साली ‘सुधारित सांबा मसुरी’ शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. मालीच्या पाणथळीतले निरुपयोगी गवत आपल्या ताटातल्या भाताचे रक्षण करू लागले.

आमच्या आजीच्या वेळी ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य असे. डबक्याच्या कडेला आपोआप उगवणारे देवभात त्या दिवशी ताटात येई. आम्ही त्याकडे व्रतापुरते पाहिले. परंतु त्याच कुळातल्या, उत्तर प्रदेशात मिळालेल्या एका रानभाताने 1970च्या दशकात आशियाचे भातपीक वाचवले, हे कळल्यावर ते डबके आम्हांला वेगळेच दिसू लागले. खुरट्या रोगाचा विषाणू तेव्हा शेतेच्या शेते बुडवत होता. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांत हाच एक रानभात उपयोगी पडला. त्याच्या संकरातून आलेले आयआर-36 हे वाण 1976 साली शेतात उतरले.

येथवर सारे आशादायक. परंतु एवढ्यावर थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. ओळखणारे प्रथिन एखादी खूण पाहून शत्रू ओळखते. ती खूण बदललेली किंवा पार टाकून दिलेली एखादी बुरशी जन्मली, की राखणदार जागा असून आंधळा होतो. एकच वाण हजारो एकरांवर असले तर अशा एका बुरशीला सारे रान मोकळे मिळते. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानटी भेंडीच्या संकरातून ‘परभणी क्रांती’ ही जात 1980च्या दशकात दिली. पिवळ्या शिरांच्या मोझॅक रोगापुढे तिने अनेक वर्षे टिकाव धरला. पुढे तिच्यावरही तो रोग पडू लागला. वाण काढणाऱ्यांचे काम त्यामुळे खोटे ठरत नाही. एक पहारेकरी कायमचा पुरत नाही, एवढेच त्यातून शिकायचे.

मग उपाय काय? चीनच्या युन्नान प्रांतात 1998 आणि 1999 साली शेतकऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. करप्याला चटकन बळी पडणारे चिकट भात त्यांनी एकटे न लावता दुसऱ्या, प्रतिकारक्षम भाताच्या ओळींमध्ये लावले. चिकट भातावरील करपा 94 टक्क्यांनी घटला आणि त्याचे उत्पन्न 89 टक्क्यांनी वाढले. दुसऱ्या वर्षाअखेर बुरशीनाशकाची फवारणीही लागेनाशी झाली. एका वाणाला फसवणारी बुरशी शेजारच्या वाणाच्या दारात अडकते, इतके साधे त्यामागचे तत्त्व.

हे वाचताना आम्हांला आमच्या माजघरातल्या पेंढ्याच्या मुड्या आठवल्या. उंच खाचराचे बी निराळे, पाणथळीचे निराळे, उशिरा येणारे निराळे. घरच्या बायका लोंब्या निवडून ते राखत. रिसेप्टर हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. पण रोगाच्या वर्षी जे उभे राहिले त्याचेच बी पुढे ठेवायचे, हा त्यांचा नियम होता. जुने वाण सारेच काटक असतात असे आमचे म्हणणे नाही. काही लवकर करपतात. परंतु कोणाजवळ कोणती ओळख आहे हे संकट आल्यावरच कळते, म्हणून त्यांनी सर्वांना जागा ठेवली.

आज ती जागा आकसत आहे. अणशीचे रान 1987 साली राष्ट्रीय उद्यान झाले, 2007 साली व्याघ्रप्रकल्पात आले आणि 2015 पासून काळी व्याघ्रप्रकल्प म्हणून ओळखले जाते. काही कुटुंबे पुनर्वसन स्वीकारून बाहेर पडली, काही घरांतली मुले नोकरीसाठी गेली. त्यांच्या निर्णयाला आम्ही नावे ठेवणार नाही. पोटापाण्याचा हिशेब ज्याचा त्यानेच करायचा. आमच्याही घरी धाकटी मंडळी विचारतात, कमी पिकणाऱ्या या तीन वाणांसाठी खाचर का अडवून ठेवायचे? प्रश्न रास्त आहे.

आमचे उत्तर असे. बी शीतपेढीत ठेवता येते आणि ठेवलेच पाहिजे. पण तेथे ते झोपलेले असते. बाहेर करप्याची बुरशी मात्र दर पावसाळ्यात नवे रूप घेत असते. शेतात पेरलेले बीच दर वर्षी तिच्यासमोर उभे राहते आणि त्यातले टिकते ते पुढे जाते. म्हणून सारे खाचर नको, एक कुणगा तरी जुन्या बियाण्याला द्यावा. गाव सोडावे लागलेच तर भांडीकुंड्यांबरोबर एकेक मुडीही न्यावी, आणि तिच्यावर वाणाचे नाव लिहावे. आमच्या धाकट्यांनी यंदापुरता एक कुणगा मान्य केला आहे. पुढच्या वर्षीचे बोलणे व्हायचे आहे.