दात्याची जागा

गुजराती भाषेत गरबा 'रमतात'. त्या भाषेत 'रमवुं' म्हणजे खेळणे. मराठीत 'रमणे' म्हणजे एखाद्या गोष्टीत मन गुंतून जाणे. धातू एकच, पण शेजारच्या दोन भाषांनी त्याची दोन अंगे जणू वाटून घेतली आहेत. वडोदऱ्यात अठराव्या शतकात गायकवाडांच्या सत्तेबरोबर मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली आणि सयाजीराव महाराजांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत (१८७५ ते १९३९) त्यांत आणखी भर पडली. या शहरात ही दोन्ही अंगे नवरात्राच्या नऊ रात्री एकाच अंगणात नांदताना दिसतात.

'गरबा' या शब्दाचे मूळ सामान्यतः 'गर्भदीप' या संस्कृत शब्दात शोधले जाते. सच्छिद्र मातीच्या घटात पणती तेवत ठेवायची, तो घट मध्यभागी मांडायचा आणि टाळ्यांच्या ठेक्यावर त्याच्याभोवती फिरायचे, एवढीच मूळ रचना. घटाचे नाव गीताला मिळाले, नृत्यालाही मिळाले. या रचनेला पुढची बाजू नाही आणि मागची बाजूही नाही. वर्तुळात पहिली रांग नसते. आजी, सून आणि नात एकाच परिघावर असतात. कोणाचे पाऊल चुकले तर शेजारणीच्या टाळीने ते सावरले जाते. प्रेक्षकाची अपेक्षा या कलेने मुळात ठेवलेलीच नाही. परंतु दिव्यात तेल कोणी घालायचे, हा प्रश्न प्रत्येक रिंगणापुढे असतो. खर्च सोसणाऱ्याला वर्तुळात कोणती जागा द्यायची, याचे उत्तर त्या आकृतीत मिळत नाही. ते माणसांनाच शोधावे लागते. सहकुटुंब सामुदायिक नृत्याच्या आयोजनातील बहुतेक पेच अखेर या एका प्रश्नाशी येऊन ठेपतात.

वडोदऱ्यातील एखाद्या मध्यमवर्गीय सोसायटीत या आयोजनाचा आरंभ गणपती विसर्जनानंतर, पितृपक्षात होतो. शुभकार्याला वर्ज्य मानलेला हा पंधरवडा हिशेबाला मात्र सोयीचा असतो. आवारातल्या बाकांवर बैठक भरते. गेल्या वर्षीची शिल्लक वाचून दाखवली जाते. मांडव, रोषणाई, ध्वनिक्षेपक, गायक आणवायचा की मुद्रित गाण्यांवर भागवायचे, रोजच्या आरतीचा प्रसाद, मुलांची बक्षिसे, पोलिसांची परवानगी असे एकेक कलम पुढे येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई केली आहे. उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करण्याची मुभा राज्य सरकारांना आहे. त्यामुळे वेळापत्रक आधी घड्याळाकडे पाहून आखावे लागते. आरती, मग लहान मुलांचा फेर, मग वडीलधाऱ्यांचा दोन टाळ्यांचा संथ गरबा, आणि त्यानंतर तरुणांची गती, असा क्रम लावायचा. तोही असा की, म्हाताऱ्या माणसांना फार ताटकळावे लागू नये आणि तरुणांचा रंग भरत असतानाच दिवे मालवण्याची वेळ येऊ नये.

यानंतर पैशाचा विषय निघतो. घराघरांतून 'फाळो' गोळा करायचा. मराठी माणूस ज्याला वर्गणी म्हणतो तेच हे. तो खर्चाला कधीच पुरत नाही. मग चौकातला सराफ, नाक्यावरचा फरसाणवाला, शिकवणी वर्गाचे संचालक, जवळच नवी इमारत उभारणारा बांधकाम व्यावसायिक यांच्याकडे दोघा-तिघांनी जायचे ठरते. हे जाणे सोपे नसते. स्वतःच्या घरासाठी कोणापुढे हात न पसरलेला माणूस सर्वांच्या कामासाठी सराफाच्या पेढीची पायरी चढतो, समोर आलेला चहा घेतो आणि बोलण्याची सुरुवात हवापाण्यापासून करतो. सामाजिक कार्य या भारदस्त नावाखाली पुष्कळदा हाच संकोच गिळलेला असतो.

या मागण्याला पूर्वी एक सुंदर आडपडदा होता. त्याचे नाव लहाणी. गरबा आटोपला की खेळलेल्या मुलींना आणि स्त्रियांना एकेक वस्तू वाटली जाई: एखादी वाटी, एखादी ताटली, एखादा डबा. आजची लहाणी अमक्यांच्या घरची, उद्याची तमक्यांच्या, असे रात्रीगणिक वाटप ठरलेले असे. कोणाकडे नातू झालेला असे, कोणाचा नवस फिटलेला असे. दात्याचे नाव पुकारले जाई, पण गरबा संपल्यावर. आणि ते पुकारले जात असताना त्या घरची गृहिणी घामेजल्या चेहऱ्याने त्याच घोळक्यात उभी असे. गुजरातच्या अनेक शेऱ्यांत आणि सोसायट्यांत ही रीत अद्याप टिकून आहे. तिच्यात एक अलिखित नियम आहे: लहाणी खेळणाऱ्या प्रत्येकीला मिळते. जिच्या घरून फाळो आला नाही तिलाही मिळते, आणि रखवालदाराची मुलगी रिंगणात आली असेल तर तिलाही मिळते.

मराठी घरांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरणारा भोंडला ही याच ऋतूतली आणि याच घाटाची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रात तो हादगा होतो. विदर्भ-खानदेशात भुलाबाईची गाणी याच दिवसांत ऐकू येतात. भोंडल्याची खिरापत ज्या घरची, ते घर त्या दिवसाचे दाते. परंतु खिरापत झाकून ठेवायची आणि इतर मुलींनी ती ओळखायची, असा संकेत आहे. दान येथे खेळाचाच भाग होते. डब्यात काय आहे हे ओळखण्याच्या गलक्यात कोणाच्या घरी साजूक तुपातला पदार्थ झाला आणि कोणाकडे नुसत्या डाळी-फुटाण्यांवर भागले, ही तफावत विरघळून जाते. दारिद्र्य लपवण्याची आणि श्रीमंतीला मिरवू न देण्याची ही युक्ती बायकांनी कोणत्याही सभेत ठराव न करता शोधून काढली होती.

दात्यासाठी भाषेने वेळोवेळी घडवलेले शब्द या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. 'यजमान' हा त्यांतला सर्वांत जुना. यज्ञाचा खर्च त्याचा, पण त्यानेच सपत्नीक विधीला बसायचे आणि धुराने डोळे चुरचुरले तरी उठायचे नाही. 'वर्गणीदार' हा अनेकांतला एक. १८९३ नंतर महाराष्ट्रात रुजलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाने त्याला एक नागरी प्रतिष्ठा मिळवून दिली. 'देणगीदार' संगमरवरी पाटीवर कोरला गेला. तो थोडा उंच, पण अजून ओळखीचा होता. 'प्रायोजक' हा शब्द मराठी कानांना सरावाचा झाला तो दूरदर्शनमुळे, १९८४ साली 'हम लोग' या मालिकेने प्रायोजित कार्यक्रमांचे पर्व सुरू केल्यानंतर. पहिल्या तीन शब्दांतील माणूस उत्सवाच्या आत कुठेतरी सापडतो. चौथ्या शब्दातल्या माणसाला उत्सव हवा असतो तो तेथे जमणाऱ्या डोळ्यांसाठी. त्यात पाप नाही. व्यापाराचा तो धर्मच आहे. परंतु डोळे जमवायचे तर डोळ्यांना एका दिशेने वळवावे लागते आणि रिंगणाला दिशा नसते. अडचण येथे सुरू होते.

हा बदल एका रात्रीत घडत नाही. प्रथम बक्षिसे येतात: उत्तम वेशभूषा, उत्तम नृत्य. बक्षिसासाठी परीक्षक लागतात. त्यांना टेबल-खुर्ची लागते. परीक्षक हा रिंगणाबाहेर बसलेला पहिला माणूस. त्याच्यासमोरून जाताना पावले थोडी सावध होतात, चेहरे थोडे वळतात. मग बक्षीस देणाऱ्यासाठी व्यासपीठ येते, व्यासपीठामागे फलक येतो, आणि फलक छायाचित्रात यावा म्हणून दिवे तिकडे वळतात. घट मध्यभागीच असतो, पण केंद्र सरकलेले असते. मोठ्या मैदानांतून आणि पार्टी प्लॉटमधून पुढे प्रवेशपत्रिका आली आणि रमणाऱ्यांबरोबर पाहणाऱ्यांचीही किंमत ठरली.

गरबीकार दयाराम (१७७७–१८५३) वडोदऱ्याजवळच्या डभोईत राहिले. मध्ययुगीन भारतीय कवींच्या रीतीप्रमाणे त्यांची नाममुद्राही रचनेच्या शेवटी येते. सगळा भाव सांगून झाल्यावर कवी हळूच आपले नाव ठेवून निघून जातो. ज्याला गाणे आवडले त्याच्यापर्यंतच ते पोचते. आजच्या निमंत्रणपत्रिकेत प्रायोजकाचे नाव देवीच्या नावाच्याही वर असते. ज्याने गीत दिले त्याचे नाव शेवटी आणि ज्याने दिवे दिले त्याचे आरंभी, या क्रमात एका संस्कृतीचा प्रवास वाचता येतो.

तथापि जुन्या शेरीचे गुणगान करताना सावध राहिले पाहिजे. गुजरातच्या शहरांतील पोळ ही पुष्कळदा एका जातीची किंवा एका व्यवसायाची वस्ती असे. तिच्या रिंगणात सर्वांना जागा होती असे म्हणताना 'सर्व' या शब्दाची व्याप्ती त्या पोळीच्या दरवाजापाशी संपत होती. वर्गणीची यादी फळ्यावर लावली जाई तेव्हा ज्या घरापुढे आकडा नसे, त्या घरातल्या मुली डोके दुखते म्हणून वरच्या खिडकीतूनच गरबा पाहत. मोठ्या मैदानाने, तिकीट लावून का होईना, जात विचारली नाही. रात्री उशिरापर्यंत मैत्रिणींबरोबर बाहेर राहण्याची मोकळीक अनेक मुलींना प्रथम तेथेच मिळाली. आणि अलीकडच्या वर्षांत काही शहरांत प्रवेशद्वाराशी ओळखपत्रे पाहून धर्मावरून माणसे वेगळी काढण्याचा आग्रह धरला गेला, तोही याच मैदानांतून. गरब्याला ढोल-तबल्याची साथ करणाऱ्यांत मुसलमान कलावंत पूर्वापार आहेत. त्यांच्या ठेक्यावर फिरणाऱ्या रिंगणाने त्यांच्याच मुलांना बाहेर ठेवावे, ही विसंगती कोणत्याही प्रायोजकाच्या फलकाहून अधिक खुपणारी आहे. रिंगण मोडणाऱ्या गोष्टी एकट्या पैशाच्या वाटेने येत नाहीत.

२०२० साली साथीमुळे गुजरातेत सार्वजनिक गरबा झाला नाही. २०२१ साली राज्य सरकारने शेरी आणि सोसायट्यांतील गरब्याला चारशे माणसांच्या मर्यादेत परवानगी दिली. पार्टी प्लॉट आणि क्लब यांतील आयोजनांना ती मिळाली नाही. मोठे फलक नाहीत, नामांकित गायक नाहीत, अशा स्थितीत लोक पुन्हा आपापल्या आवारात उतरले. ज्यांना एकमेकांची नावेही ठाऊक नव्हती असे शेजारी एका परिघावर आले. पुढच्या वर्षी मैदाने पूर्ववत भरली, आणि ते स्वाभाविकही होते. ६ डिसेंबर २०२३ रोजी युनेस्कोने 'गुजरातचा गरबा' मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट केला. वारसा म्हणून जे नोंदवले गेले, ते त्या २०२१ च्या साध्या आवारांत फारशा साधनांवाचून तगून राहिलेले दिसले होते.

म्हणून प्रायोजक नकोच, असा निष्कर्ष काढणे सोपे असले तरी प्रामाणिक ठरणार नाही. केवळ वर्गणीवर चालणारा उत्सव गरिबाला अधिक महाग पडतो. सराफाने ध्वनिक्षेपकाचा खर्च उचलला तर फाळ्याचा आकडा खाली येतो आणि वरच्या खिडकीतली मुलगी खाली उतरू शकते. प्रश्न आहे तो दात्याच्या जागेचा. शहाण्या चिटणिसांनी त्याची उत्तरे आपापल्या परीने शोधली आहेत. फलक असावा, पण प्रवेशद्वारावर; घटाच्या दिशेला नसावा. नाव घ्यावे, पण आरतीच्या आधी नव्हे, लहाणीच्या वेळी. बक्षीस द्यायचेच तर ते लहान मुलांना, आणि प्रत्येकाला. वर्गणीच्या यादीत नावे असावीत, आकडे नसावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धनादेश घेताना दात्याला सांगावे की, एका रात्री आरतीला सहकुटुंब यायचे आणि मग निदान एक फेरा रमायचे.

हे शेवटचे निमंत्रण वरकरणी शिष्टाचाराचे दिसते. वस्तुतः सगळ्या आयोजनाची कसोटी त्यात आहे. पेढीवर बसणारा माणूस चपला काढून परिघावर उभा राहतो, त्याची पावले चुकतात, आणि एखादी आठ वर्षांची मुलगी त्याला टाळी कधी वाजवायची ते दाखवते, तेव्हा दात्याला वर्तुळात कोणती जागा द्यायची या प्रश्नाचे उत्तर मिळालेले असते. ती जागा इतर कोणाच्याही जागेहून वेगळी नसते. शरद पौर्णिमेला गुजराती घरांतले दूध-पोहे आणि मराठी घरांतले कोजागिरीचे मसाल्याचे दूध एकाच आवारात वाटले जाते, तेव्हा खजिनदार जमाखर्च वाचून दाखवतो. त्या वहीत सराफाची रक्कम आणि विधवेने दिलेली नोट एकाच रकान्यात असतात. बेरीज त्यांची एकत्रच होते.