बारा महिन्यांचे मानधन

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुन्या चोपड्यांचे एक गाठोडे खाली आले. नातेपुत्यातील आमचे भुसाराचे दुकान आता पुतण्या सांभाळतो. त्याचे सारे हिशेब संगणकात असतात. या वह्यांचे काय करायचे, असे त्याने मला विचारले. रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळाव्यात म्हणून मी त्या ओट्यावर घेऊन बसलो आणि १९७१ सालच्या खतावणीत एका पानाशी थांबलो. 'किरकोळ खर्च' या सदराखाली हमालांचा चहा, सुतळी आणि पोस्टाची तिकिटे यांच्या पंगतीत भाऊंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वळणदार अक्षरात लिहिले होते : सतार मास्तर, रु. १५.

पुढची पाने उलटली. नोंद दर महिन्याला होती, पण वर्षातून दहाच वेळा. वैशाख कोरा होता आणि भाद्रपदही कोरा होता. वैशाखात आम्ही मुले आजोळी जात असू. भाद्रपदात दशलक्षण पर्व येई, तेव्हा पूजा, स्वाध्याय आणि एकाशने यांमुळे घरातील शिकवणी बंद असे. शिकवणी नाही, तर पैसे नाहीत. हिशेब बिनचूक होता. भाऊंनी उभ्या आयुष्यात कोणाचा एक पैसा बुडवला नाही, हे पंचक्रोशीतील जुनी माणसे आजही सांगतील. तरीही त्या कोऱ्या जागा पाहून त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

मास्तर फलटणहून दर गुरुवारी आणि रविवारी एस.टी.ने येत. पांढरे धोतर, काळी टोपी आणि खाकोटीस एक कापडी पिशवी. पिशवीत मिजराबांची डबी, तारांची वेटोळी आणि 'संगीत कला विहार' मासिकाचा एखादा जुना अंक असे. गावात त्यांची चार घरे होती, त्यांपैकी तीन आपल्या समाजाची. दुपारी दोनला पहिले घर आणि सायंकाळी दिवेलागणीच्या आत शेवटचे. कारण आम्हा मुलांना सूर्यास्तापूर्वी जेवायचे असे आणि त्यांना शेवटची गाडी गाठायची असे.

नातेपुत्याच्या माणसाला तंतुवाद्य अनोळखी नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी बरडहून आपल्या गावी मुक्कामाला येते. दुकानाच्या पायरीवर उभे राहून आम्ही दिंड्या मोजत असू. प्रत्येक दिंडीत गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी असतो. सप्ताहात ती वीणा खाली ठेवीत नाहीत. एकजण थकला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आपल्या पाठशाळेतही वीणा होतीच. क्षत्रचूडामणीतील जीवंधरकुमाराची कथा कोणाला ठाऊक नाही? श्रीदत्त श्रेष्ठींनी गंधर्वदत्तेच्या विवाहासाठी वीणावादनाचा पण मांडला आणि गंधोत्कट श्रेष्ठींच्या घरी वाढलेल्या जीवंधराने तो जिंकला. दोन्ही घरे व्यापाऱ्यांची, हे मला लहानपणी फार आवडे. जीवंधराचे गुरू आर्यनंदी यांनी गुरुदक्षिणा म्हणून शिष्याकडे एक वर्षाचा संयम मागितला. आर्यनंदींना संसार नव्हता. आमच्या मास्तरांना होता.

मास्तरांच्या बोलण्यात 'मंडळ' हा शब्द वारंवार येई. आम्हाला वाटे, हे एखादे भजनी मंडळ असावे. ते होते अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ, मिरज. त्यामागील कथा मास्तर शिकवणीच्या शेवटच्या पाच मिनिटांत तुकड्या-तुकड्यांनी सांगत. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेस उपचार झाले, पण शाळेचा अभ्यास अशक्य ठरला आणि तेथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाणे सुरू झाले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली मुंबईत. संस्थेच्या उपदेशक वर्गातील मुलांना राहणे, जेवण आणि शिक्षण विनामूल्य असे. बदल्यात त्यांनी बरीच वर्षे संस्थेत राहून शिकायचे आणि पुढे शिक्षक व्हायचे, असा करार असे. गाण्याच्या शिक्षकाला जेवावे लागते, ही गोष्ट पंडितजींनी शाळेच्या घडणीतच धरली होती. पुस्तकांसाठी त्यांनी छापखाना घातला आणि वाद्ये तयार करण्याची व्यवस्थाही संस्थेत केली.

मुंबईच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज मात्र फिटले नाही आणि ती वास्तू लिलावात गेली. भाऊ हे ऐकून म्हणत, "भांडवलापेक्षा पसारा मोठा केला." दुकानदाराच्या दृष्टीने ते चूक म्हणत नव्हते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी पंडितजी मिरजेस निवर्तले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन हे मंडळ स्थापन केले. इमारत गेली होती, पण उपदेशक वर्गातून निघालेले शिक्षक गावोगाव होते आणि त्यांना बांधणारा एक धागा हवा होता.

हे मंडळ शिक्षकाला पगार देत नाही. ते अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा घेते, बाहेरून परीक्षक पाठवते आणि प्रमाणपत्र देते. गायनाप्रमाणेच सतार, व्हायोलिन, दिलरुबा या वाद्यांनाही प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या आहेत. आमच्यासारख्या गावात याचे मोल काय, हे मला फार उशिरा कळले. जेथे सतार ऐकून बरे-वाईट सांगणारा एकही माणूस नाही, तेथे मास्तर चांगले शिकवतात की वाईट, हे ठरवणार कोण? वर्षातून एकदा परगावी जाऊन अनोळखी परीक्षकापुढे बसायचे, हीच आमच्या मास्तरांची तराजू होती. शिवाय येथे प्रवेशिका झालेली मुलगी लग्न होऊन बार्शीला गेली, तरी तेथे मध्यमेला बसू शकते. शिक्षण जिथे थांबले त्याच पायरीवरून पुढे सुरू होते. माझी प्रवेशिका पूर्ण झाली तेव्हा मास्तरांनी स्वतः पेढे आणले होते. त्या पेढ्यांचे पैसे कोणी दिले, हे आता विचारण्यात अर्थ नाही.

येथे घोडीची गोष्ट सांगितली पाहिजे. आमची सतार मिरजेहून आणलेली. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्ये बनवण्यास सुरुवात केली आणि ते काम तेथे आजतागायत चालू आहे. वाद्याचा भोपळा आपल्याच जिल्ह्यातला. पंढरपूरच्या बाजूला पिकणारे मोठे कडू भोपळे वाळवून मिरजेस जातात आणि सतार-तंबोरे होऊन परततात. वाद्य घरी आले त्या दिवशी आजीने सर्वांत आधी विचारले, "तारा ज्याच्यावर टेकल्यात, ते पांढरे काय आहे?" ती घोडी. पूर्वी ती हरणाच्या शिंगाची किंवा हाडाची करीत. मास्तरांनी खरे तेच सांगितले. आजी म्हणाली, "मास्तर, ही वस्तू ज्या घरात णमोकार होतो त्या घरात नको." मास्तरांनी वाद न घालता सतार उचलली, मिरजेस नेली आणि काळ्या लाकडाची घोडी बसवून आणली.

लाकडी घोडीवर पोलादी तार लवकर खाच पाडते. खाच पडली की नाद बोथट होतो, आणि मग घोडीचा पृष्ठभाग पुन्हा घासून जवारी काढावी लागते. हे काम हाताला आणि कानाला एकाच वेळी येणारे. ते मिरजेचे कारागीरच करीत. म्हणून मास्तर वर्षातून दोनदा आमची सतार मांडीवर घेऊन एस.टी.ने मिरजेला जात. परवा मी १९६९ ते १९७२ या सर्व खतावण्यांत मिरजेच्या भाड्याची किंवा जवारीच्या मजुरीची नोंद शोधली. एकही सापडली नाही. आमच्या घरच्या अहिंसेचा खर्च तीन वर्षे कोण सोसत होते, ते मला अशा रीतीने कळले.

१९७२ साली पाऊस गेला. आमच्या तालुक्याच्या काही भागाला नीरेच्या कालव्याचे पाणी असले, तरी बाजारात शुकशुकाट होता आणि उधारी थकली होती. श्रावणात भाऊंनी मास्तरांना सांगितले, "दिवाळीपर्यंत थांबवू या. पाऊसपाणी झाले की बघू." बाकीच्या घरांनीही तेच केले. मास्तरांनी माझ्या सतारीच्या तारा सैल केल्या, गवसणी चढवली आणि म्हणाले, "ताण ठेवू नये, दांडी वाकते." पुढे कोणीतरी सांगितले, की ते दुष्काळी कामावर हजेरी लिहीत आहेत. दिवाळी झाली, पुढच्या वर्षी पाऊसही झाला, पण त्यांना बोलावणे धाडण्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. मी तोवर गल्ल्यावर बसू लागलो होतो.

हे सारे आठवण्याला निमित्त घडले ते पुतण्याच्या मुलीचे. तिला सतार शिकायची आहे. अकलूजकडील एक तरुण शिक्षिका, मंडळाच्या परीक्षांतून विशारद झालेल्या, आठवड्यातून दोनदा यायला तयार झाल्या. पुतण्याने सर्व बोलणी सौजन्याने केली आणि शेवटी विचारले, "मे महिन्यात क्लास नसेल, तेव्हा त्या महिन्याची फी नाही ना, मॅडम?" त्याने आजोबांची खतावणी कधी उघडली नव्हती. काही गोष्टी न वाचताही वारशाने येतात. शिक्षिका हसून "नाही" म्हणाल्या. मी आत गेलो आणि ती वही आणून पुतण्यापुढे ठेवली.

नंतर मंदिरात चार लोकांशी बोललो. एका जाणत्या गृहस्थांनी आक्षेप घेतला : "काका, संगीत म्हणजे राग. आपला मार्ग वीतरागाचा. त्याला दान कसे म्हणायचे?" शब्द बरोबर पकडला होता त्यांनी. पण आपण पूजा गाऊनच करतो, आरती गाऊनच करतो, आणि विधानाच्या वेळी परप्रांतातून संगीतमंडळी बोलावतो. मागील विधानातील त्यांची बिदागी व ध्वनिक्षेपकाचे बिल एकीकडे आणि या शिक्षिकेचे पुऱ्या वर्षाचे मानधन दुसरीकडे, असा ताळा मी करून पाहिला. आकडे येथे देत नाही, कारण त्या दिवशी बोली वाढवणाऱ्यांत मीही होतो. चार दानांत ज्ञानदान आपण शास्त्राच्या प्रती छापून करतो, ते योग्यच आहे. शिकवणाऱ्याचे घर चालू ठेवणे त्यात बसते की नाही, यावर पंडितांनी निर्णय द्यावा. मी माझ्यापुरता तो घेतला आहे.

सात घरे तयार झाली. व्यवस्था साधी आहे. शिक्षिकेला बारा महिने मानधन, वैशाख आणि भाद्रपद धरून. एस.टी.चे भाडे वेगळे. दोन सतारी आणि एक तंबोरा स्वाध्याय-भवनातील कपाटात राहतील, म्हणजे ज्या घराला वाद्य घेणे परवडत नाही तेथील मूलही शिकेल. समाजाबाहेरच्या दोन मुली आताच येत आहेत. जवारीचा आणि तारांचा खर्च खात्यातून. परीक्षेला जाताना मुलांबरोबर एका घराचे वडीलधारे माणूस जाईल. एका घराने दुसऱ्याच महिन्यात अंग काढून घेतले, त्यामुळे सध्या सहाच आहेत, आणि तूट मी व पुतण्या मिळून भरतो. ही व्यवस्था किती वर्षे टिकेल, याची मला खात्री नाही. हार्मोनियम आणि की-बोर्ड शिकायला मुले सहज मिळतात. सतारीला पहिली दोन वर्षे बोटांना घट्टे आणि कानाला खरखर एवढेच मिळते, आणि त्या दोन वर्षांतच पालकांचा धीर सुटतो.

वाद्ये पाहण्यासाठी मिरजेस गेलो होतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मिरजेचे नाव आता कोणी दुसरा आपल्या मालावर लावू शकणार नाही. आपल्यासारख्यांना या गोष्टीचे मोल समजावून सांगायला नको. मी घोडीविषयी विचारले. कृत्रिम द्रव्याची घोडी आता सर्रास मिळते, ती प्राणिज नसते आणि लाकडापेक्षा टिकतेही जास्त. हे ऐकायला आजी हवी होती. मास्तर तर हवेच होते. येताना वाटेत फलटणला उतरून त्यांच्या घराचा तपास केला. ज्या बोळात ते राहत, तेथे नवी इमारत उभी आहे आणि त्यांच्या कुटुंबाविषयी कोणालाच काही सांगता आले नाही.

घरी आल्यावर हिशेब मांडला. तीन वैशाख आणि तीन भाद्रपद, दरमहा १५ रुपये, एकूण ९० रुपये. मिरजेच्या सहा फेऱ्या आणि जवारीची मजुरी वेगळी. तिचा त्या वेळचा दर मला ठाऊक नाही. व्याज कोणत्या दराने धरायचे, यावर एक रात्र गेली. अखेर नव्या खात्याच्या पहिल्या पानावर 'मागील देणे' म्हणून ते ९० रुपये ओढून घेतले आणि त्यापुढे व्याजाची जागा मोकळी ठेवली. पुतण्या संगणकापुढे बसला होता. त्याने विचारले, "काका, ही रक्कम कोणाच्या नावे टाकू?" त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही.