नटाच्या नजरेतून मूकपट

रंगभूमीवरचा नट दिग्दर्शक झाला की चित्रपट नाटकी होणार, हा समज मला पटत नाही. स्वीडनचा व्हिक्टर श्योस्त्रोम मूळचा नाटकातला. १९१२ मध्ये तो चित्रपटांकडे वळला आणि पुढच्याच वर्षी त्याने ‘इंगेबोर्ग होल्म’ केला. गरिबीमुळे पोटच्या मुलांना दुरावणाऱ्या विधवेची ही कथा. तिच्या ताटातुटीचा प्रसंग कॅमेरा जागचा न हलता टिपतो. पात्रे प्रेक्षकांकडे पाठ फिरवतात, हातवाऱ्यांचा अतिरेक नाही, तरी काळीज गलबलते.

कुणी म्हणेल, स्थिर कॅमेरा म्हणजे नाटकाचेच चित्रण. पण नाट्यगृहात प्रत्येक खुर्चीतून रंगमंच वेगळा दिसतो; कॅमेऱ्याची नजर मात्र एकच. कोण कुठे उभे राहिल्यावर कोण झाकले जाईल, हे श्योस्त्रोमने त्या नजरेनुसार ठरवले. त्याच्याच ‘द फँटम कॅरेज’चे (१९२१) श्रेय दुहेरी छायांकनातून पारदर्शक छाया उमटवणाऱ्या छायालेखकाचे, हा आक्षेपही अर्धाच खरा. त्या पारदर्शक छायांमध्ये दारुड्या नायकाचा पश्चात्ताप आपल्याला भिडतो, तो ही भूमिका करणाऱ्या श्योस्त्रोममुळे. मूकपटाला आवाज नव्हता. म्हणूनच देहबोली जाणणारा नट त्याचा उत्तम दिग्दर्शक ठरू शकला.