थांबतोय, असं नक्की कोण म्हणालं?

आमच्या गावच्या धावपट्टीवर मी आजवर पाच-सहा बातम्या केल्या. लांबी किती, उद्घाटनाला कोण येणार. तिथं कंट्रोल टॉवर आहे का, हे एकदाही विचारलं नाही. चूक माझीच.

परवा एका वैमानिक मित्रानं समजावलं. टॉवर नसेल तिथं सगळे एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात. मी कुठं आहे, कोणत्या धावपट्टीवर उतरतोय. बाकी भरवसा कानांवर आणि डोळ्यांवर.

१९ नोव्हेंबर १९९६, अमेरिकेतलं क्विन्सी. प्रवासी विमान उतरत होतं. छेदणाऱ्या धावपट्टीवर दुसरं छोटं विमान उभं. उतरणाऱ्यांनी विचारलं, थांबताय ना? उत्तर आलं, पण मागं उभ्या तिसऱ्याच विमानातून! यांना वाटलं, पुढचाच बोलला. त्या पुढच्यानं मात्र उड्डाणासाठी धाव सुरू केली. धावपट्ट्या छेदतात तिथंच धडक. दोन्ही विमानांतले सगळे, १४ जण गेले. प्रवासी विमानातले लोक धडकेतून वाचले होते हो. दार उघडेना, आगीनं गाठलं. चौकशीत मुख्य ठपका बसला तो रेडिओकडं आणि आजूबाजूला लक्ष न देणाऱ्या, उड्डाण करणाऱ्या वैमानिकांवर.

मित्र म्हणाला, "शंका आली की उतरायचं नाही. वर जाऊन पुन्हा फेरी मारायची. पाच-दहा मिनिटं जातात, एवढंच."

आपल्याला विमानतळ हवाच. पण पुढच्या उद्घाटनाला मी फीत सोडून आधी विचारणार आहे : टॉवर आहे का? नसेल तर रेडिओवर लक्ष कोणाचं? आणि आगीचा बंब कुठं उभा आहे?

तुम्हीही विचारा.