पीचमच्या दुकानातली पेटी

ब्रिस्टलला शिकत असताना तिथल्या विद्यार्थ्यांच्या ऑपेरा मंडळीत माझा शिरकाव झाला तो पेटीवाला म्हणून. मंडळी ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचा ‘थ्रीपेनी ऑपेरा’ बसवत होती आणि वाइलने त्यात चक्क हार्मोनियम योजली आहे. १९२८ साली बर्लिनच्या पहिल्या प्रयोगात सात वादकांनी वीसहून जास्त वाद्यं सांभाळली होती. आमचा पियानोवाला दोन वाद्यांनाच टेकीला आला, म्हणून पायपेटी माझ्याकडे आली.

गोष्ट मला घरूनच ठाऊक होती. पुलंनी तिचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, जब्बार पटेलांनी तो १९७८मध्ये थिएटर अकॅडमीकडून रंगमंचावर आणला आणि नंदू भेंडेंचा अंकुश आमच्या वडिलांच्या पिढीने डोक्यावर घेतला. पण तिथे लावणी होती, ढोलकी होती. इथे माझ्या वाट्याला आलं ते पीचमचं भजन.

हा पीचम म्हणजे लंडनच्या भिकाऱ्यांचा ठेकेदार. फाटके कपडे, खोटं लंगडेपण, शहरातल्या मोक्याच्या जागा, सगळं पुरवणार आणि कमाईत वाटा घेणार. रोज सकाळी दुकान उघडताना तो भक्तिभावाने गातो. चाल वाइलची नाहीच. जॉन गेच्या १७२८च्या ‘बेगर्स ऑपेरा’तली तेवढी एकच चाल त्याने ठेवली.

माझा हात साथीचा. गाणारा थांबला की जागा भरायची, त्याच्या मागे मागे जायचं. आमची संगीत दिग्दर्शिका दर वेळी थांबवायची : ‘‘सजवू नकोस. रविवारी चर्चमध्ये वाजवतात तसं वाजव.’’ लोकांना हसू यावं म्हणून मी पेटी मुद्दाम थोडी रडकी वाजवून पाहिली, तर तेही तिला नको. आणि खरं सांगायचं तर तिचंच बरोबर होतं. वाजवणाराच डोळा मिचकावू लागला तर चिमटा बसणार कुणाला?

गायकांचे हाल याहून वाईट. वर्षानुवर्षं घासून गळा गोल केलेली ही मुलं, आणि त्यांना सांगितलं जात होतं की शब्द फेका, सूर लांबवू नका. बर्लिनला हे गाणारे मुळात नट होते. जेनी झालेल्या लोटे लेन्याने गाण्याची रीतसर तालीमही घेतलेली नव्हती. आमच्या पॉलीला, म्हणजे पीचमच्या मुलीला, मात्र प्रयोगाच्या आठवड्यापर्यंत कंप आवरेना. मला विचाराल तर थोडा कंप राहिला तेच छान झालं. दरोडेखोर मॅकहीथशी तबेल्यात लग्न लावणारी मुलगी जराशी नाटकी असायलाच हवी.

शेवटी मॅकहीथ फासाखाली उभा असतो आणि राणीचा दूत घोड्यावरून माफी घेऊन येतो. वर सरदारकी, वाडा आणि जन्मभराचं पेन्शन! आमचा घोडा म्हणजे सुपरमार्केटची ढकलगाडी. तिचं एक चाक किरकिरायचं, तरी टाळ्या सगळ्यात जास्त तिलाच.

त्याच्या जरा आधी मॅकहीथ बँकवाल्यांना दरोडेखोरांच्याच पंगतीत बसवतो. तिथे पहिल्या रांगेतले पालक आणि प्राध्यापक खदखदून हसायचे. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर एका बँकेची पानभर जाहिरात होती, विद्यार्थ्यांच्या खात्यांची. छपाईचा खर्च त्यातूनच निघाला होता. बँकेचा माणूसही एका प्रयोगाला आला, मनापासून हसला आणि पुढच्या नाटकासाठीही जाहिरात देऊन गेला.