दादाची सायकल

दादाची २१ गिअरांची सायकल जिन्याखाली गंजत पडली होती. हिच्यावरून तो सिंहगड चढे. नोकरीसाठी तो बंगळूरला गेला आणि सायकल पोरकी झाली. गिअर अडकलेले, दुरुस्तीचा खर्च ऐकून मी ते काढूनच टाकायचे ठरवले. आई म्हणाली, "त्याला विचारलंस का?" मी विचारले नव्हते.

पुढचे ३२ दात्यांचे मधले चक्र तेवढे ठेवले, मागे १६ दात्यांचे एकच फ्रीव्हील बसवले. म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचे चाक दोनदा फिरते. दोन्ही चक्रे एका रेषेत आणली, नाहीतर चेन उतरते. चेन आखूड केली, चाक मागे ओढून तिला ताण दिला. वर उंच, रुंद हँडल. काढलेले गिअर मात्र डब्यात जपून ठेवले.

दिवाळीत दादा आला. सायकलीभोवती दोनदा फिरला.

"आता सिंहगड?"

"पायथ्यापर्यंत," मी खालमानेने म्हणालो.

काही न बोलता टांग मारून तो निघून गेला. तासाभराने परतला तो कोथिंबिरीची जुडी घेऊन.

"चढावर उतरून चालावं लागलं रे," तो हसला, "पण वाटेत ओळखीचे तिघे भेटले!"

जाताना गिअरांचा डबा त्याने मागितला नाही.